आकडा घेणाऱ्याची जबाबदारी

"मी काय त्याला घरी बोलवायला गेलो होतो का?"

मित्रहो, हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. बोलणारा माणूस आमच्या हॉस्टेलच्या मुलांकडून क्रिकेटच्या मॅचवर पैसे घ्यायचा. त्याचं नाव, गाव, ठिकाण काहीच इथे लिहिणार नाही, कारण मला बोलायचंय ते त्याच्या प्रश्नाबद्दल. त्या दिवशी आम्ही तिघं जण त्याला जाब विचारायला गेलो होतो आणि हा प्रश्न ऐकून गप्प बसून परत आलो. तुंगार्लीचा चढ चढताना कोणी एक शब्द बोललं नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं, उत्तर नंतर सुचलं. ते शोधताना जे वाचलं, जे गणित मांडलं, ते या पानांवर देतोय.

आधी झालं काय ते थोडक्यात. २०२४ च्या आयपीएलचे दिवस. आमच्या फ्लोअरवरचा एक मित्र, थर्ड इयरचा, डोक्याने आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार. पहिल्यांदा हजार रुपये लावले आणि जिंकला. दुसऱ्या दिवशी पहिल्या लेक्चरच्या आधी तो माणूस गेटवर हजर! हजार परत आणि वर नऊशे, मोजून हातात. "माणूस एकदम इमानदार आहे रे," असं सर्टिफिकेट मित्राने त्याच दिवशी देऊन टाकलं. पुढे हरत गेला. खिशातले संपले तेव्हा तो इमानदार माणूस म्हणाला, "राहू दे, नंतर दे." आधी मेसचे पैसे गेले, मग परीक्षेच्या फॉर्मचे, मग उधारी. एकूण तेवीस हजार. घरी सांगितलं की लॅपटॉप बिघडलाय. आम्हाला कळलं तेव्हा तो चार दिवस मेसमध्ये आला नव्हता आणि रात्री एकटाच धरणाकडे फिरायला जात होता. पुढचा आठवडाभर आम्ही आळीपाळीने त्याच्या रूमवर झोपलो. का, ते लिहायची गरज नाही.

आता प्रश्न असा. लावणारा चुकला, हे तो स्वतःच कबूल करतो. पण घेणाऱ्याचं काही कर्तव्य आहे की नाही? लोणावळ्यात चिक्कीचा पुडा घेतला तर त्यावर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, आत काय घातलंय ते सगळं छापलेलं असतं. शेंगदाणा विकणाऱ्यावर एवढी बंधनं, मग नशीब विकणाऱ्यावर काहीच नाहीत?

दुकानं किती प्रकारची?

आपल्याकडे पैजेची चार दुकानं दिसतात.

पहिलं मटक्याचं. याचा उगम मजेशीर आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. आजही मटक्यात 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द आहेत ते तिथले. १९६१ च्या सुमारास ते भाव येणं बंद झालं. मग १९६२ मध्ये वरळीला कल्याणजी भगत याने आणि १९६४ मध्ये रतन खत्री याने स्वतःचे आकडे काढायला सुरुवात केली. आधी मडक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्ते. गिरणगावातला कामगार हा या धंद्याचा मोठा गिऱ्हाईक होता. धंदा पहिल्यापासून बेकायदा. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे.

दुसरं दुकान सरकारचं. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. तिसरं घोड्यांच्या शर्यतीचं. पुण्यात पावसाळ्यात शर्यतींचा हंगाम असतो. तिथला जुगार परवान्याने चालतो, आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं मान्य केलं. चौथं दुकान आपल्या सर्वांच्या खिशात आहे, मोबाईलमध्ये. त्याला शटर नाही, रविवारची सुट्टी नाही आणि बाहेर उभं राहिलेलं कोणी ओळखीचं बघेल ही भीतीही नाही.

थोडं गणित

इंजिनिअरिंगच्या मासिकात गणित नको असं कसं चालेल?

मटक्यात शून्य ते नऊ यांपैकी एक आकडा लावायचा. लागला तर रूढ भाव एकास नऊ. म्हणजे दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा रुपये जातात आणि नऊ परत येतात. एक रुपया दुकानात राहतो. मशीनच्या भाषेत बोलायचं तर एफिशिअन्सी नव्वद टक्के. ऐकायला वाईट नाही! पण लावणारा जिंकलेले पैसे घरी नेत नाही, परत लावतो. नव्वद टक्के एफिशिअन्सीचे सात गिअरबॉक्स एकापुढे एक जोडा, शेवटी काय मिळतं? ०.९ चा सातवा घात, म्हणजे सुमारे ०.४८. हजार रुपये सात वेळा फिरले की सरासरी अर्ध्याहून जास्त दुकानात जमा. दुकानदाराने काहीही लबाडी केलेली नसताना!

क्रिकेटमध्ये समजा दोन्ही टीम सारख्याच बळाच्या आहेत आणि दोघींचा भाव नव्वद पैसे आहे. एकाने एकीवर हजार लावले, दुसऱ्याने दुसरीवर हजार. घेणाऱ्याकडे आले दोन हजार. जिंकणाऱ्याला तो देतो एकोणीसशे. शंभर त्याचे, मॅच कोणीही जिंको. त्याला क्रिकेट कळण्याचीसुद्धा गरज नाही.

आता आमच्या मित्राची 'सिस्टिम' बघू. हरलो की डबल लावायचं, कधीतरी जिंकूच. पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार, आठ हजार. ओळीने पाच वेळा हरलात तर गेले साडेपंधरा हजार. तो म्हणायचा, पाच वेळा ओळीने हरण्याची शक्यता बत्तीसात एक. बरोबर आहे, पण ते फक्त पाच मॅचेसचं उत्तर झालं. २०२४ च्या आयपीएलच्या वेळापत्रकात चौऱ्याहत्तर मॅचेस होत्या. चौऱ्याहत्तर वेळा नाणं उडवलं तर त्यात कुठेतरी ओळीने पाच वेळा काटा पडण्याची शक्यता शंभरात सुमारे सत्तर आहे. एम-थ्रीमध्ये याला डिस्टिंक्शन होतं. तरी तेवीस हजारांपैकी साडेपंधरा हजार याच पाच पायऱ्यांवरून गेले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे गणित घेणाऱ्याला रोजच्या अनुभवाने पाठ असतं. कोण कसा हरतो, कोण डबल करतो, कोणाचा आवाज फोनवर बदललाय, हे त्याला आपल्याआधी कळतं. लावणाऱ्याला फक्त आजची मॅच दिसते. माझ्या मते जबाबदारीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. एकाला सगळं माहीत आणि दुसऱ्याला काहीच नाही, असा हा व्यवहार आहे.

इमानदारी वेगळी, जबाबदारी वेगळी

मटक्याची आठवण काढणारे जुने लोक एक गोष्ट हमखास सांगतात. आकडा लोकांसमोर काढायचे आणि लागला तर पैसे चुकते करायचे, बुडवायचे नाहीत. आमच्या मित्रानेही हेच सर्टिफिकेट दिलं होतं. मग हा माणूस चांगला म्हणायचा की नाही?

यामागचं कारण कायद्याच्या पुस्तकात सापडतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार हा करारच नव्हे. जिंकलेले पैसे मिळाले नाहीत तर कोर्टात दावा लावता येत नाही. जिथे कोर्ट नाही तिथे धंदा फक्त शब्दावर चालतो. जिंकणाऱ्याला एकदा जरी बुडवलं तर दुसऱ्या दिवशी कोणी येणार नाही. म्हणजे वेळेवर पैसे देणं हा घेणाऱ्याच्या भांडवलाचा भाग झाला, त्यात आपल्यावर उपकार नाहीत. आमच्या मित्राला गेटवर मिळालेले नऊशे रुपये ही त्या माणसाची जाहिरात होती. पुढे तेवीस हजार आले.

ही दृष्टी आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जुगारावर देखरेख करणारा द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. खेळ ठरलेल्या जागीच चालवायचा, फासे खरे द्यायचे, फासे बदलणाऱ्याला दंड, आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच सरकारचे. नियम चांगले काटेकोर आहेत. पण सगळे नियम खेळ खरा ठेवण्याचे आहेत. हरणाऱ्याला कधी थांबवायचं याचा नियम त्यात नाही. महाभारतातल्या द्यूतसभेत ते काम एकट्या विदुराने करून पाहिलं. खेळ थांबवा म्हणून तो धृतराष्ट्राला सांगत होता. सभा धृतराष्ट्राची, निमंत्रण त्याचं, थांबवण्याचा अधिकारही त्याचाच. तो गप्प बसला. युधिष्ठिराची चूक आहेच, पण आपण धृतराष्ट्राला निर्दोष म्हणतो का?

तेव्हा दुकानाची परीक्षा दोन प्रश्नांनी घ्यावी. जिंकणाऱ्याशी ते कसं वागतं हा पहिला प्रश्न, त्याचं उत्तर म्हणजे इमानदारी. हरणाऱ्याशी कसं वागतं हा दुसरा, त्याचं उत्तर म्हणजे जबाबदारी. पहिल्या पेपरात बहुतेक दुकानं पास होतात. दुसऱ्यात जवळजवळ सगळ्यांची केटी लागते.

काही तर पहिल्यातही नापास होतात. आपल्या मावळातलंच उदाहरण आहे. मार्च २०२१ मध्ये गहुंज्याच्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने झाले. कोरोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. त्या वेळी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ३३ जणांना पकडलं. पोलिसांचं म्हणणं असं की काही जण स्टेडियमजवळच्या डोंगरावर दुर्बिणी लावून बसले होते. कारण ई अँड टीसीवाल्यांना लगेच कळेल. मैदानात बॉल पडतो आणि तो टीव्हीवर दिसतो, यात काही सेकंद जातात. तेवढ्या सेकंदांत भाव बदलून घेता येतो. समोरच्याला वाटतं आपण पुढच्या बॉलवर पैसे लावतोय, आणि तो बॉल खेळून झालेला असतो!

जिथे दुकानं कायदेशीर आहेत तिथे

ब्रिटनमध्ये रस्त्यावरची पैजेची दुकानं मे १९६१ पासून कायदेशीर आहेत. २००५ च्या तिथल्या जुगार कायद्याने तीन उद्दिष्टं ठरवली: गुन्हेगारी दूर ठेवणं, खेळ खरा आणि उघड ठेवणं, आणि लहान मुलं व दुबळ्या अवस्थेतल्या माणसांचं रक्षण करणं. तिसरं उद्दिष्ट म्हणजे आपला दुसरा पेपर. पण ते नुसतं लिहून भागलं नाही. दुकानांत ठेवलेल्या मशीनवर एका डावाला शंभर पौंड लावता यायचे आणि पुढचा डाव वीस सेकंदांत सुरू. ही मर्यादा शंभरवरून दोन पौंडांवर आणायला एप्रिल २०१९ उजाडावं लागलं. एप्रिल २०२० पासून तिथे क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी आहे. म्हणजे उधारी बंद. 'मला खेळू देऊ नका' अशी नोंद एकदा केली की सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांनी त्या माणसाला दार बंद करायचं, असाही नियम आहे.

या बाबतीत तिथला एक खटला वाचण्यासारखा आहे. शर्यतीचे ग्रेहाउंड कुत्रे तयार करणाऱ्या एका प्रशिक्षकाने पैज घेणाऱ्या मोठ्या कंपनीला सांगितलं होतं, माझं खातं बंद करा, मी मागितलं तरी सहा महिने उघडू नका. कंपनी हो म्हणाली, पण तिने ते पाळलं नाही. माणूस सुमारे वीस लाख पौंड हरला. त्याने कंपनीवर दावा लावला. २००८ मध्ये आधी हायकोर्टाने आणि मग अपील कोर्टाने निकाल दिला. कंपनीने शब्द दिला होता, तो पाळणं तिचं कर्तव्य होतं, ते तिने पाळलं नाही, इथपर्यंत बरोबर. पण इथे बंद केलं असतं तरी तो दुसरीकडे जाऊन हरलाच असता, म्हणून भरपाई नाही. एक दुकान बंद झालं तर शेजारचं उघडं असतं, हे त्या निकालातून मला कळलेलं खरं दुखणं. म्हणून जबाबदारी एकेका दुकानदाराच्या मनाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही. नियम सगळ्यांना एकच लागतो.

आपल्याकडे

आपल्याकडे गंमत अशी की काही जबाबदाऱ्या कायद्यात आहेत, पण त्या फक्त कायदेशीर दुकानाला लागू आहेत. १९९८ च्या लॉटरी कायद्यात एक आकडी बक्षीस ठेवायला मनाई आहे आणि कुठल्याही लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच काढायची असं बंधन आहे. कारण उघड आहे. आकडा जितका लहान आणि निकाल जितका लवकर, तितका माणूस लवकर परत खिडकीशी येतो. मटक्याचं सगळं बळ याच दोन गोष्टींत आहे, आणि मटक्याला हा कायदा लागू होत नाही. तिथे लागू आहे तो १८८७ चा, आणि त्यात धाड पडली तर घेणाराही आरोपी आणि लावणाराही. मग फसलेला माणूस तक्रार करायला जाणार कुठे?

विधी आयोगाने जुलै २०१८ च्या आपल्या २७६ व्या अहवालात म्हटलं होतं की पूर्ण बंदी जमत नसेल तर कडक नियमन करा: व्यवहार रोखीत नको, माणसाची ओळख पॅन किंवा आधारशी जोडा, ठरावीक काळात किती वेळा लावता येईल याला मर्यादा घाला, अठरा वर्षांखालच्यांना दूर ठेवा. संसदेने वाट दुसरी धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर झाला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. यात आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. १८८७ मध्ये जो आरोपी होता त्याला २०२५ मध्ये नुकसान झालेला माणूस मानलं गेलं. बंदी किती टिकते, किती जण चोरवाटेने खेळतात हा वेगळा वादाचा विषय. पण जबाबदारी कोणाच्या खांद्यावर, याचं उत्तर मात्र बदललं.

मग उत्तर काय?

दुकान कायदेशीर असो नाहीतर बेकायदा, माझ्या मते पाच गोष्टी त्याच्याकडे मागायला हव्यात.

१) आपला वाटा किती, शंभरातले किती परत येतात, हे आधी सांगणं. चिक्कीच्या पुड्यावर वजन छापतात तसं.
२) अठरा वर्षांखालच्या मुलाकडून आणि दुसऱ्याच्या पैशावर शिकणाऱ्याकडून पैसे न घेणं.
३) उधारी अजिबात न देणं.
४) "मला देऊ नका" असं कोणी सांगितलं तर तो शब्द पाळणं.
५) हरल्यावर डबल करत सुटलेल्या माणसासमोर खिडकी बंद करणं.

तुम्ही म्हणाल, दुकानदार काय आईबाप आहे का? नाही. लावणाऱ्याची जबाबदारी संपते असंही मी म्हणत नाही. आमच्या मित्राने तेवीस हजारांतला मेसचा आणि फॉर्मचा पैसा स्वतः सुट्टीत काम करून भरला, कोणाकडे रडत गेला नाही. पण आपल्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करताना सर काय सांगतात? हात घालणारा मूर्ख असेल, तरी गार्ड बसवायची जबाबदारी मशीन चालवायला देणाऱ्याचीच. गार्ड काढून ठेवायचा आणि बोट गेल्यावर "मी काय त्याला बोलवायला गेलो होतो का" म्हणायचं, हे कुठल्याही वर्कशॉपमध्ये चालणार नाही.

आणि ही पाच कामं जो करेल त्याचा धंदा फार लहान राहील, हेही खरं. बऱ्याच दुकानांची कमाई याच पाच गोष्टी न करण्यातून येते. म्हणून ती आपणहून करतील अशी आशा मला नाही.

हॉस्टेलपुरतं

ती करेपर्यंत आपण काय करायचं? अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. रूम पार्टनर अचानक उसने मागायला लागला, मॅच संपल्यावर जेवेनासा झाला, फोन घेऊन बाहेरच जायला लागला, तर चेष्टा करू नका, विचारा. 'शेवटचं एकदा' म्हणून पैसे देऊ नका. तीही उधारीच असते. मेसचं बिल थेट मेसमध्ये भरा, हातात पैसे नकोत. आणि पैज घेणारा वसुलीची धमकी देत असेल तर घाबरून आणखी लावू नका. असं देणं कोर्टात वसूल होत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने पैजेला जोडून केलेले करारही रद्दबातल ठरवले आहेत. घरी सांगा. आमच्या मित्राच्या वडिलांना कळलं तेव्हा ते पहिल्या एसटीने आले. मुलाला रागावतील असं आम्हाला वाटलं होतं. ते नुसते त्याच्या कॉटवर बसून राहिले आणि म्हणाले, "जेवलास का?"

सरांना आणि रेक्टर सरांना एक नम्र विनंती. असा मुलगा सापडला तर पहिलं पत्र शिक्षेचं नको. शिक्षेच्या भीतीनेच तो चार दिवस उपाशी राहिला आणि कोणाला बोलला नाही. मन फारच खचलं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, दिवसरात्र, फुकट. नोटीस बोर्डावर तेवढा नंबर लावला तरी पुष्कळ.

आता त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर. त्या दिवशी सुचलं असतं तर मी म्हणालो असतो: नाही, तुम्ही बोलवायला आला नव्हतात. पण त्याच्याकडचे पैसे संपले हे तुम्हाला आमच्याआधी माहीत होतं. त्या दिवशी "राहू दे, नंतर दे" म्हणालात, त्याऐवजी "आता पुरे, जा अभ्यास कर" म्हणाला असतात तर?